धोकादायक व्यवसायांतील अपघात व मृत्यूदर

धोकादायक व्यवसायांतील अपघात व मृत्यूदर म्हणजे एखाद्या व्यवसायात काम करणाऱ्या माणसांपैकी ठरावीक काळात किती जण कामामुळे जखमी होतात किंवा मरण पावतात, याचे त्या व्यवसायातील एकूण मनुष्यबळाशी असलेले प्रमाण. हे प्रमाण सामान्यतः दर लाख कामगारांमागे वर्षाला इतके मृत्यू, अशा रीतीने मांडतात. कोणता व्यवसाय अधिक धोक्याचा हे ठरवणे, विम्याचे हप्ते व नुकसानभरपाई निश्चित करणे आणि सुरक्षेचे नियम आखणे यांसाठी हे दर वापरले जातात. मात्र दर काढण्यासाठी मृत्यूंची आणि काम करणाऱ्यांची, अशा दोन्ही नोंदी लागतात. भारतात खाणी, कारखाने व रेल्वे यांबाबत त्या कमीअधिक प्रमाणात उपलब्ध आहेत. देशातील सर्वाधिक माणसे ज्या व्यवसायात आहेत त्या शेतीबाबत मात्र त्या जवळजवळ नाहीत. महाराष्ट्रात, विशेषतः वाशीम, यवतमाळ, अकोला, अमरावती व बुलढाणा या पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत, ही उणीव ठळकपणे दिसून आली आहे.

दर काढण्याची पद्धत

सर्वांत सोप्या पद्धतीत वर्षभरात कामावर झालेल्या मृत्यूंना त्या व्यवसायातील सरासरी कामगारसंख्येने भागून एक लाखाने गुणतात. जेथे अर्धवेळ व हंगामी कामगार बरेच असतात तेथे डोकी मोजण्याऐवजी कामाचे तास मोजतात. अमेरिकेत वर्षाला २,००० तास म्हणजे एक पूर्णवेळ कामगार असे धरले जाते. तासांचा हिशेब न ठेवता हंगामी व्यवसायाची तुलना बारमाही व्यवसायाशी केल्यास हंगामी व्यवसाय आहे त्यापेक्षा सुरक्षित भासतो. वर्षातून ४० दिवस फवारणी करणारा मजूर आणि ३०० दिवस यंत्रावर बसणारा कामगार हे कागदावर दोघेही ‘एक कामगार’ असतात.

छेद मोठा की छोटा यावर निष्कर्ष कसा बदलतो याचे परिचित उदाहरण भारतीय रेल्वेचे आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा आढावा समितीने २०१२ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात कामावरील सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी मरण पावले व सुमारे ८,७०० जखमी झाले. रेल्वेचे त्या काळातील सुमारे १३ ते १४ लाख मनुष्यबळ छेदात घेतले तर हा दर लाखामागे वर्षाला २५ च्या आसपास येतो. परंतु या १३-१४ लाखांत तिकीट खिडकीवरचे कारकून, लेखा विभागातले बाबू आणि रेल्वे रुग्णालयांतील परिचारिकाही आहेत. रुळांवर चालत, मागून येणाऱ्या गाडीकडे कान ठेवून काम करणाऱ्या गँगमनचा दर यापेक्षा कितीतरी अधिक असणार हे उघड आहे. सरासरीत तो दिसत नाही.

पोलीस दलाबाबतही हेच घडते. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात मरकेगाव (१ फेब्रुवारी), हत्तीगोटा (२१ मे) व लाहेरी (८ ऑक्टोबर) या तीन नक्षलवादी हल्ल्यांत मिळून ४८ पोलीस मारले गेले. संपूर्ण राज्याच्या पोलीस दलाच्या संख्येने भागल्यास हा आकडा सौम्य वाटतो, एकट्या गडचिरोलीच्या दलाने भागल्यास भयंकर. दोन्ही भागाकार गणिताच्या दृष्टीने अचूक आहेत. प्रश्न कोणाच्या जोखमीबद्दल विचारला जात आहे, एवढाच फरक आहे.

छोट्या संख्यांची अडचण वेगळी. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावात २,००० माणसे शेतात राबतात असे उदाहरणादाखल मानले आणि मृत्यूदर लाखामागे २५ धरला, तर त्या गावात सरासरी दोन वर्षांत एक मृत्यू होईल. एका वर्षी सर्पदंश, मग दोन वर्षे काहीच नाही, नंतर विजेचा धक्का, अशा विखुरलेल्या घटनांना गाव ‘नशीब’ म्हणते आणि त्यांतून कोणताही दर दृष्टीस पडत नाही. हाच दर २,००० कामगारांच्या एखाद्या कारखान्यात असता, तर दर दोन वर्षांनी एक चौकशी, एक अहवाल आणि बहुधा एक खटला उभा राहिला असता. धोका तोच, नोंद मात्र निराळी.

संख्या आणि दर यांतील फरक

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाची मृत्यूगणना या विषयातील सर्वाधिक वापरली जाणारी आकडेवारी आहे. मृत्युपत्रके, पोलीस अहवाल, विमा दावे व वृत्तपत्रे अशी अनेक साधने एकमेकांशी पडताळून ती तयार केली जाते. २०१८ मध्ये तेथे कामावर ५,२५० मृत्यू झाले व सर्व व्यवसायांचा मिळून दर लाख पूर्णवेळ कामगारांमागे ३.५ होता. सर्वाधिक दर लाकूडतोड्यांचा (९७.६) होता, त्याखालोखाल मच्छीमार (७७.४), वैमानिक व उड्डाण अभियंते (५८.९), छतकाम करणारे (५१.५) आणि कचरा गोळा करणारे (४४.३) यांचा क्रमांक लागला. मालमोटारचालकांचा दर २६.०, शेतकरी व पशुपालक यांचा २४.७ आणि गस्तीवरील पोलिसांचा १३.७ होता.

या आकड्यांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. लाकूडतोड्यांचे त्या वर्षी ५६ मृत्यू झाले, तर मालमोटारचालकांचे ९६६. संख्येने पाहिल्यास मालमोटार चालवणे हा देशातील सर्वांत घातक व्यवसाय ठरतो, दराने पाहिल्यास लाकूडतोड. सुरक्षेवरील खर्च कोठे करावा हे ठरवताना पहिली बाजू महत्त्वाची. एखाद्या तरुणाने कोणते काम पत्करावे हे ठरवताना दुसरी. दुसरी गोष्ट अशी की शेतकऱ्याचा दर पोलिसाच्या दराच्या पावणेदोन पटींहून अधिक आहे. शेतीची गणना लोकमानसात धोकादायक व्यवसायांत क्वचितच होते. ट्रॅक्टर उलटणे हे शौर्याचे मरण मानले जात नाही, कदाचित म्हणूनही असेल.

अमेरिकेचे हे आकडे जसेच्या तसे भारताला लागू पडत नाहीत. तेथील लाकूडतोड यंत्राने होते, तर मच्छीमारी थंड समुद्रात चालते. तेथील शेतकऱ्याच्या मृत्यूचे प्रमुख कारण ट्रॅक्टर व इतर वाहने हे आहे, साप नव्हे.

भारतातील नोंदी

भारतात व्यवसायनिहाय मृत्यूगणना करणारी एकच एक यंत्रणा नाही. कारखाना अधिनियम, १९४८ अन्वये कामगार ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकणार नाही असा अपघात झाल्यास त्याची सूचना देणे व्यवस्थापनावर बंधनकारक करण्यात आले. राज्यांचे कारखाने निरीक्षक हे आकडे केंद्राच्या कारखाना सल्ला सेवा व कामगार संस्था महासंचालनालयाकडे पाठवतात. या महासंचालनालयाच्या माहितीनुसार २०१७ ते २०२० या काळात देशातील नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी सुमारे १,१०९ कामगार मरण पावले व ४,००० हून अधिक जखमी झाले.

या आकड्यांतील मृत आणि जखमी यांचे परस्परप्रमाणच त्यांच्याबद्दल बरेच सांगून जाते. एका मृत्यूमागे चार जखमी, हे प्रमाण विश्वास ठेवण्याजोगे नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये ५,२५० मृत्यूंच्या तुलनेत खासगी क्षेत्रातील बिगरप्राणघातक दुखापती व आजार सुमारे २८ लाख नोंदले गेले, म्हणजे एका मृत्यूमागे पाचशेहून अधिक. भारतीय कारखान्यात माणूस एकतर मरतो किंवा धडधाकट राहतो असे नाही. मृतदेह लपवणे अवघड आणि तुटलेले बोट लपवणे सोपे, हा त्याचा अर्थ आहे. कंत्राटी कामगाराची मलमपट्टी खासगी दवाखान्यात होते, हाती काही रक्कम ठेवली जाते आणि नोंदवही कोरी राहते. त्यामुळे जाणकार भारतातील व्यवसायांची तुलना दुखापतीच्या दरावर न करता शक्यतो मृत्यूदरावर करतात.

खाणींची नोंद सर्वांत जुनी आणि बऱ्यापैकी भरवशाची आहे. भारतातील पहिला खाण कायदा १९०१ चा. त्यापाठोपाठ १९०२ मध्ये स्थापन झालेल्या कार्यालयातून आजचे धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालय उभे राहिले. कोळसा खाणींतील मृत्यूदर १९५१-६० या दशकात दर हजारी ०.८२, म्हणजे लाखामागे ८२ होता. २००१-१० या दशकात तो दर हजारी ०.२७ पर्यंत उतरला. झारखंडमधील (तेव्हाचा बिहार) चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसून ३७० हून अधिक कामगार मरण पावले, त्यामुळे त्या दशकाची सरासरी वर राहिली. दर घटण्यामागे नियमांइतकाच भूमिगत खाणींकडून खुल्या खाणींकडे झालेल्या बदलाचा वाटा आहे. वणी, बल्लारपूर, चंद्रपूर व उमरेड परिसरातील वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतही हा बदल झाला. छत कोसळून होणारे मृत्यू त्यामुळे कमी झाले आणि डंपरखाली सापडून होणारे मृत्यू ठळक होऊ लागले. खाणींचा दर कधी कधी दर दशलक्ष टन उत्पादनामागेही मांडतात. यंत्रे वाढली की हा दर आपोआप घसरतो, कामगाराचा वैयक्तिक धोका तेवढा कमी झालेला नसला तरी.

स्फोटके व दारूगोळा यांच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे शून्य आणि मग एका दिवसात अनेक, अशा स्वरूपाचा धोका असतो. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी आणि भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेले स्फोट ही विदर्भातील उदाहरणे होत. अशा व्यवसायात एका वर्षाचा दर काढणे निरर्थक असून किमान दहा वर्षांची सरासरी घ्यावी लागते. बांधकामाचेही काही अंशी असेच आहे. वाशीम जिल्ह्यातूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या कामावर ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे तुळई बसवणारे अजस्त्र यंत्र कोसळून २० जण ठार झाले. तथापि बांधकामावरील बहुतेक मृत्यू परातीवरून, शिडीवरून, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून एकेकट्याने पडून होतात आणि स्थानिक पोलीस ठाण्यात ‘आकस्मिक मृत्यू’ म्हणून संपतात.

शेती

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १.२६ कोटी शेतकरी व सुमारे १.३५ कोटी शेतमजूर होते. कारखाना वा खाणीप्रमाणे शेताला निरीक्षक नाही, हजेरीपट नाही आणि अपघाताची सूचना कोणाला द्यावी असा नियमही नाही. शेतातील मृत्यू कारणानुसार वेगवेगळ्या दप्तरांत विखुरतो. सर्पदंश आरोग्य विभागाकडे, वीज पडणे आपत्ती व्यवस्थापनाकडे, विजेचा धक्का महावितरणाकडे, वाघाचा हल्ला वन विभागाकडे आणि विहिरीत पडणे पोलिसांकडे जाते. ‘शेतीकाम करताना झालेला मृत्यू’ असा रकाना यांपैकी कोणत्याही दप्तरात नसतो.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात झालेल्या फवारणीच्या विषबाधेने ही उणीव देशासमोर आणली. जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर कीटकनाशके फवारणाऱ्या सुमारे ८०० जणांना जिल्ह्यातील रुग्णालयांत, प्रामुख्याने यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, दाखल करावे लागले व २० हून अधिक जण मरण पावले. शेजारच्या जिल्ह्यांतही बाधित सापडले. अनेक कारणे एकत्र आली होती. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत व दाट वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर व छातीवर येत होता. बोंडअळी व रसशोषक किडींचा प्रादुर्भाव वाढल्याने दोन-तीन औषधे एकत्र मिसळून वारंवार फवारली जात होती. पाठीवरील बॅटरीचे व पेट्रोलचे पंप जुन्या हातपंपापेक्षा अधिक बारीक तुषार सोडत होते. दमट उकाड्यात मुखपट्टी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून काम करणे अशक्यप्राय होते, आणि बहुतेकांना ते पुरवलेलेही नव्हते. ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातील औषधे त्वचेतून व श्वासावाटे शरीरात जातात आणि मज्जातंतूंचे कार्य आवरणारे कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. लाळ गळणे, घाम, बाहुल्या बारीक होणे, छातीत कफ दाटणे आणि अखेर श्वास बंद पडणे असा क्रम दिसतो. ॲट्रोपीन वेळेवर व पुरेशा प्रमाणात मिळाल्यास रुग्ण वाचू शकतो.

या प्रकरणी राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही सुनावणी झाली. कीटकनाशके अधिनियम, १९६८ मधील तात्पुरत्या बंदीच्या अधिकाराचा वापर करून पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससह काही औषधांच्या विक्रीवर मर्यादित काळासाठी बंदी घालण्यात आली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास देशात २००५ पासूनच मनाई होती, पण कापसासाठी ते सर्रास विकले जात होते. २०२३ मध्ये केंद्र शासनाने त्याचे ३६ टक्क्यांचे प्रचलित द्रावण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला. या साऱ्या तपासात एक साधा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला: त्या हंगामात जिल्ह्यात फवारणी करणारे होते तरी किती? अंश मिळाला, छेद नव्हता. त्यामुळे फवारणी हा खाणकामापेक्षा धोकादायक व्यवसाय आहे काय, याचे उत्तर देता येत नाही. बाधितांत रोजंदारीवर वा पंपामागे ठरलेल्या दराने इतरांच्या शेतात फवारणारे मजूर पुष्कळ होते. स्वतःच्या शेतात एकदा फवारणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा हंगामभर गावातली शेते फवारत फिरणाऱ्या मजुराच्या अंगावर कितीतरी पट विष पडते.

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन हे प्रमुख पीक असल्याने मळणी यंत्राचे अपघात हा दुसरा मोठा विषय आहे. सोयाबीनची सोंगणी आटोपली की गावोगावी हडंबा फिरू लागतो. परतीच्या पावसाच्या भीतीने रात्री उशिरापर्यंत मळणी चालते. पेंढी आत ढकलताना हात किंवा मनगट आत ओढले जाणे, पदर, ओढणी वा गमछा पट्ट्यात अडकणे हे नेहमीचे अपघात. देशभर मळणी यंत्रांवर हात गमावणाऱ्यांची संख्या वाढल्यावर संसदेने धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ संमत केला व पेंढी टाकण्याच्या तोंडाशी सुरक्षित लांबीचा पन्हाळ असावा, असे निकष ठरले. कायदा यंत्राच्या निर्मात्याला व विक्रेत्याला बांधतो. भाड्याच्या यंत्रावर अंधारात उभ्या असलेल्या मजुरापर्यंत तो अभावानेच पोहोचतो. अशा अपघातांत माणूस सहसा मरत नाही, म्हणून मृत्यूदरात ते उमटत नाहीत. उजवा हात गेलेल्या शेतमजुराची कमाई मात्र जन्मभरासाठी जाते.

सर्पदंशाबाबत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज वर्तवला. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होते आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील, म्हणजे ऐन शेतीकामाच्या दिवसांतील. नोंदणीकृत कारखान्यांतील वार्षिक मृत्यूंच्या पन्नासपटीहून हा आकडा मोठा आहे. अर्थात सर्वच सर्पदंश कामावर होत नाहीत. मण्यार रात्री अंथरुणातही चावते. घोणस व फुरसे मात्र पिकात, गवतात व दगडांच्या धुऱ्यावर पायाखाली येतात, आणि गमबूट न घालता निंदण करणाऱ्या स्त्रियांना त्यांचा धोका सर्वाधिक असतो. विषारी दंशावरील उपचार किती परिणामकारक ठरू शकतात हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. कोकणातील विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांत एकेकाळी ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण प्राझोसिन या औषधाच्या वापरानंतर १ टक्क्याच्या आसपास आले. प्रतिसर्पविष वेळेत मिळणे हे अंतरावर अवलंबून असते. वाशीमला २०२४-२५ पर्यंत वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. गंभीर रुग्ण अकोल्यास हलवावे लागत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ जण मरण पावले. उघड्या शिवारात काम करणारे व झाडाखाली आसरा घेणारे यांचा त्यांत मोठा भरणा असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप विकसित केले आहे. वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांचे प्रमाण यामानाने स्थानिक आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा-राळेगाव परिसरात २०१६ ते २०१८ दरम्यान शेतकरी व गुराखी यांचे बळी गेल्यानंतर टी-१ (अवनी) या वाघिणीस २ नोव्हेंबर २०१८ रोजी ठार करण्यात आले. वाघाच्या एका बळीला जेवढी प्रसिद्धी मिळते तेवढी सापाच्या शंभर बळींना मिळत नाही, हा अनुभव विदर्भाला नवा नाही.

आत्महत्या व व्यावसायिक मृत्यूदर

शेतकरी आत्महत्यांची गणना व्यावसायिक अपघातांत होत नाही. परंतु पश्चिम विदर्भात शेतीतील जोखमीची चर्चा त्यांच्याशिवाय पुरी होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात शेतीक्षेत्रातील ११,२९० जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी ४,२४८ (सुमारे ३७.६ टक्के) महाराष्ट्रातील होते: २,७०८ शेतकरी व १,५४० शेतमजूर. २०११ च्या जनगणनेची संख्या छेदात घेतली तर शेतकऱ्यांचा दर लाखामागे सुमारे २१.५ व शेतमजुरांचा सुमारे ११.४ येतो. त्याच वर्षी राज्याचा सर्वसाधारण आत्महत्यादर लाख लोकसंख्येमागे १८.१ होता.

या तुलनेवरून घाईने निष्कर्ष काढता येत नाही. सर्वसाधारण दराच्या छेदात लहान मुलेही असतात, शेतकऱ्यांच्या छेदात नसतात. जनगणनेचे आकडे दशकाहून अधिक जुने आहेत. आणि शेतात दिवसभर राबणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीची आत्महत्या बहुधा ‘गृहिणी’ या सदरात जाते. शेतमजुराची नोंद ‘रोजंदार’ या सदरात होण्याचीही शक्यता असते. त्या सदरात २०२२ मध्ये देशभरात ४४,७१३ आत्महत्या नोंदल्या गेल्या. शिवाय राज्याची सरासरी घेतल्यावर कोकण व पश्चिम विदर्भ एकाच मापाने मोजले जातात. तरीही शेतकऱ्यांचा दर शेतमजुरांच्या जवळजवळ दुप्पट दिसतो, हे लक्षणीय आहे. कर्ज, पेरणीत गुंतलेले भांडवल व भावातील चढउतार हा जमीन कसणाऱ्याचा धोका आहे. साप, विष व यंत्र यांचा धोका अधिक करून मजुराचा.

आजार व झीज

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार जगात कामामुळे वर्षाला सुमारे २९.३ लाख मृत्यू होतात. त्यांपैकी सुमारे २६ लाख कामातून जडलेल्या आजारांमुळे व केवळ ३.३ लाख अपघातांमुळे. अपघाती मृत्यूदरावर आधारलेली कोणतीही क्रमवारी त्यामुळे धोक्याचा लहानसा भागच मोजते. सिलिकाच्या धुळीत काम करणारा दगडखाणीतला कामगार किंवा क्षयाने जाणारा सफाई कामगार कामावर मरत नाही, घरी अथवा रुग्णालयात मरतो.

ऊसतोडणी हे याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने समिती नेमली. सर्वेक्षण केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत वा आजारपणात खाडा पडला की मुकादम दंड आकारतो आणि फडावर स्वच्छतागृह नसते. या परिस्थितीत शस्त्रक्रिया हा कामावर टिकून राहण्याचा मार्ग ठरला. अपघाताच्या कोणत्याही नोंदवहीत या १३,८६१ स्त्रिया नाहीत.

नुकसानभरपाई

एकाच प्रकारच्या मृत्यूला व्यवसाय व कारण यांनुसार वेगवेगळी रक्कम मिळते. कारखान्यातील व खाणीतील कामगाराच्या वारसांना कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ नुसार वय व वेतन यांच्या सूत्राने भरपाई किंवा राज्य विमा योजनेतून निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद होती. याच १९२३ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत शेतमजुराचा समावेश काही ठरावीक कामांपुरताच होत असे. हडंब्यावर हात गमावणारा मजूर त्यात बसू शकत असे, विळ्याने सोंगणी करताना सर्पदंश झालेला सहसा बसत नसे. मलवाहिनी व सेप्टिक टाकीतील मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला व ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी राज्य शासन २०२३ पासून २५ लाख रुपये देते. प्राण्यांच्या त्या यादीत वाघ, बिबट्या, अस्वल, रानडुक्कर आदी आहेत, साप नाही. वीज पडून मृत्यू झाल्यास आपत्ती निधीतून ४ लाख रुपये मिळतात.

शेतकऱ्यासाठी राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना होती. एप्रिल २०२३ पासून तिचे रूपांतर सानुग्रह अनुदान योजनेत करण्यात आले. रस्ता वा रेल्वे अपघात, पाण्यात बुडणे, फवारणीची विषबाधा, विजेचा धक्का, वीज पडणे, सर्प व विंचूदंश, उंचावरून पडणे अशा कारणांनी मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, दोन अवयव वा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख व एक अवयव वा एक डोळा गेल्यास १ लाख रुपये अशी तिची रचना आहे. पात्रता सातबारा उताऱ्यावरून ठरते. नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य, १० ते ७५ वर्षे वयोगटातील, असे दोघेच तिच्या कक्षेत येतात. अर्जासोबत सातबारा, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदन अहवाल यांसारखी कागदपत्रे जोडावी लागतात. सर्पदंशाने गेलेल्याला अनेकदा घरूनच स्मशानात नेले जाते, शवविच्छेदन होत नाही आणि दावा तेथेच अडतो. भूमिहीन शेतमजूर या योजनेच्या बाहेर आहे. जनगणनेनुसार तो राज्यातील शेतकऱ्यांपेक्षा संख्येने अधिक आहे, आणि फवारणीचा पंप बहुतांशी त्याच्याच पाठीवर असतो.